वरचे पैसे कोणाचे?

गेल्या आठवड्यांत आमच्या शाळेंतील चवथीची एक मुलगी घरची दुधाची चिठ्ठी घेऊन आली. 'गुरुजी, आईनें बेरीज तपासून मागितली आहे.' बेरीज बरोबर होती. भाव मात्र चुकीचा होता. ठरलेला भाव लिटरास 33 रुपये 40 पैसे, आणि चिठ्ठींत धरलेला 33 रुपये. आम्हीं दूध घेणाराकडे मुद्दाम जाऊन विचारलें, तर तो हंसून म्हणाला, 'मास्तर, पैसे आतां चालतात कोठें?'

हा जबाब आमच्या अंबाडीच्या नाक्यावर रोज ऐकूं येतो, म्हणून त्याचा समाचार घेणें भाग आहे.

सरकारनें 30 जून 2011 पासून चार आणे व त्याखालचीं सर्व नाणीं बंद केलीं. तें कांहीं वाईट केलें नाहीं. ज्या नाण्याला पाडण्याचा खर्चच त्याच्या किंमतीहून अधिक, तें चालवून कोणाचें भलें होणार? अमेरिकेनें 1793 पासून चालत आलेलें एक सेंटाचें नाणें 12 नोव्हेंबर 2025 रोजीं शेवटचें पाडलें. त्या एका नाण्याला साडेतीन सेंटांहून जास्त खर्च येत होता. पण आपलें आठ आण्यांचें नाणें बंद झालेलें नाहीं. 2011 च्या नाण्यांच्या कायद्याप्रमाणें दहा रुपयांपर्यंतच्या देण्यांत तें कायदेशीर आहे. नाक्यावर मात्र आपण आठ आणे पुढें केले कीं दुकानदार नाक मुरडतो, आणि तेच परत देण्याची पाळी त्याच्यावर आली कीं हातावर एक गोळी ठेवतो. अशा वीस गोळ्या जमवून त्याच दुकानांत कोणी मीठ मागून पाहावें, म्हणजे गंमत कळेल!

नाणें बंद होणें निराळें आणि हिशेबांतला पैसा बंद होणें निराळें. रुपयाचे शंभर पैसे आजहि आहेत. बँकेचें व्याज पैशांत निघतें, विजेचा दर पैशांत लागतो. भिवंडीचे यंत्रमागवाले व्यापाऱ्याचें सूत विणून देतात, तेव्हां त्यांचा दर पिकामागें पैशांतच बोलला जातो. 'पैसे चालत नाहींत, सबब पुरा रुपया घ्या,' असें म्हणणारा व्यापारी अजून कोणीं पाहिला नाहीं.

आमच्या आजोबांच्या पिढीनें असा घोटाळा एकदां पाहिलेला आहे. 1 एप्रिल 1957 पासून सोळा आण्यांचा रुपया शंभर नव्या पैशांचा झाला. एक आणा म्हणजे सव्वासहा नवे पैसे. तो पाव पैसा आणावा कोठून? म्हणून एका आण्याचे सहा, दोहोंचे बारा, तिहींचे एकोणीस व चार आण्यांचे पंचवीस असें कोष्टक ठरलें. ज्याच्या हातांत पावली होती त्याचें कांहीं गेलें नाहीं. ज्यानें चार आणे एकेक करून खर्चिले त्याला चोवीसच मिळाले. पण त्या लोकांना पावकी, निमकी, सवायकी तोंडपाठ होती. फसलों तर कितीनें फसलों हें तरी त्यांना सांगतां येत होतें. आज दुकानांत यंत्र आहे, आणि यंत्र चुकत नाहीं असें आपण धरून चालतों. यंत्रांत भाव कोण घालतो?

आतां त्या चिठ्ठीचा हिशेब पाहा. त्या घरचें दूध रोज सात लिटर. 33 रुपये 40 पैशांनीं 233 रुपये 80 पैसे होतात. जवळच्या रुपयावर आणले तर 234. भावांतलेच 40 पैसे छाटले कीं उरले 231. रोजचे तीन, महिन्याचे नव्वद, वर्षाचे हजारावर! आणि खरी मौज पुढेंच आहे. दहा दिवसांचा हिशेब एकदम केला तर सत्तर लिटरांचे बरोबर 2338 रुपये येतात, एकहि पैसा तोडावा लागत नाहीं.

तेव्हां आमचें म्हणणें इतकेंच कीं भावाला आणि मापाला हात लावूं नये. तोडजोड करावयाची ती शेवटच्या बेरजेंत, एकदांच. पन्नास पैसे वा अधिक असतील तर रुपया पुरा करावा, कमी असतील तर सोडावे. ही रीत आम्हीं घरीं बसून काढलेली नाहीं. वस्तु व सेवा कराच्या 2017 च्या कायद्यांत कराची रक्कम अशीच पुरी करावयास सांगितली आहे. कॅनडानें 4 फेब्रुवारी 2013 पासून सेंट वाटणें थांबविलें, तेव्हां रोखीचें एकूण बिल जवळच्या पांच सेंटांवर आणण्याचें ठरलें. आपल्या एस. टी. नेंहि 2018 सालीं भाडें पांचाच्या पटींत केलें, तेव्हां साताचे पांच व आठाचे दहा असें जाहीर केलें होतें. म्हणजे आंकडा वर जातो तसा खालींहि येतो. आमच्या नाक्यावर तो घेणाराच्या सोयीनें एकाच बाजूला जातो.

दोष सगळा दुसऱ्यावर ढकलावा असेंहि नाहीं. आमचे लोक भाव विचारतात, पण चिठ्ठी मागत नाहींत. मागितली तर वाचून घेत नाहींत. आठ आण्यांसाठीं तोंड उघडावयास लाज वाटते. लग्नाच्या वाजंत्र्याला देतांना मात्र ती लाज कोठें जाते, न कळे.

मुलीच्या आईला आम्हीं चिठ्ठीच्या पाठीवर हा हिशेब लिहून दिला आहे. ती तो घेऊन जाईल कीं नाहीं, सांगतां येत नाहीं. उद्यां त्यानें दूध घेण्याचें बंद केलें तर सात लिटर दूध डोक्यावर घेऊन तिनें जावें कोठें? तिची अडचण खरी आहे. म्हणून तिनें एकटीनें जाऊं नये. अंबाडी व आसपासच्या पाड्यांतून ज्यांच्या घरीं दुधाच्या किंवा मजुरीच्या चिठ्ठ्या असतील, त्यांनीं त्या येत्या शनिवारीं शाळा सुटल्यावर घेऊन याव्या. आम्ही व वरच्या वर्गाचीं मुलें तपासून देऊं, आणि ज्यांचा ज्यांचा भाव छाटलेला निघेल ते सगळे मिळून त्या बाईबरोबर दूध घेणाराकडे जाऊं.