मुलाचे वजन पालकांना सांगा, वर्गाला नव्हे

गळिताचा हंगाम सुरू झाला की माळशिरस तालुक्यातील कारखान्यांच्या काट्यापुढे उसाच्या गाड्यांची रांग लागते. गाडी काट्यावर चढते, वजन होते, पावती हाती पडते आणि शेतकरी ती दोनदा वाचून मगच खिशात घालतो. काटा खरा की खोटा, यावरून ऊसपट्ट्यात वाद माजले आहेत, आंदोलने झाली आहेत. ‘काटामारी’ हा शब्द येथील पोराटोरांनाही ठाऊक आहे. वजनाविषयी इतक्या दक्ष असलेल्या याच गृहस्थाच्या हाती आणखी एक वजन येत असते आणि त्याकडे तो ढुंकूनही पाहत नाही. ते त्याच्या मुलाचे वजन होय. प्रगतिपुस्तकात ‘उंची’ आणि ‘वजन’ असे दोन रकाने असतात. गुरुजी त्यांत आकडे भरतात. पालक गणिताचे गुण पाहतात, सही करतात आणि पुस्तक परत पाठवतात. शहरातील सुशिक्षित पालकही याहून निराळे वागतात असा आमचा अनुभव नाही.

शाळेने मुलांचे वजन पालकांना कळवावे की नाही, हा प्रश्न पाश्चात्त्य देशांत गेली वीस वर्षे गाजतो आहे. अमेरिकेतील अर्कान्सास राज्याने २००३ साली कायदा करून शाळांमार्फत पालकांना असे अहवाल धाडण्यास प्रारंभ केला. इंग्लंडमध्ये २००५-०६ पासून चार-पाच आणि दहा-अकरा वर्षांच्या मुलांचे मोजमाप होते व त्याचे पत्र घरी जाते. या पत्रांनी काय साधले? कॅलिफोर्नियातील ७९ शाळांत सुमारे २९ हजार मुलांवर झालेल्या एका मोठ्या अभ्यासात असे दिसून आले, की पालकांना अहवाल पाठवल्याने मुलांच्या वजनात काही फरक पडला नाही. शाळेत वजन केलेल्या मुलांची आपल्या शरीराविषयीची नाराजी मात्र वाढली. हा आधार घेऊन काहीजण म्हणतात, की शाळेने शिकवावे. काट्याच्या भानगडीत पडू नये.

हा आक्षेप आम्ही हसण्यावारी नेत नाही, कारण त्यातील दुःख आम्ही स्वतः पाहिले आहे; किंबहुना ते आमच्याच हातून घडले आहे. वृत्तपत्रात येण्यापूर्वी काही वर्षे आम्ही शिक्षक होतो. वजनाच्या दिवशी मुलांना ओळीने उभे करावे, एकेकाला काट्यावर चढवावे आणि वर्गप्रमुखाला लिहून घेता यावे म्हणून आकडा मोठ्याने उच्चारावा, अशी आमची रीत होती. एका स्थूल मुलाचा आकडा उच्चारला तेव्हा वर्ग हसला, आणि खोटे कशाला सांगावे, आम्हीही हसलो. पुढच्या सत्रात वजनाच्या दिवशी तो मुलगा गैरहजर होता. त्यापुढच्या सत्रातही होता. त्याच वर्गात एक किडकिडीत मुलगी होती. तिच्या प्रगतिपुस्तकात दोन्ही सत्रांचे वजन एकच होते. ते दोन्ही आकडे शेजारी शेजारी, आमच्याच हस्ताक्षरात लिहिलेले होते. वाढीच्या वयातील मुलीचे वजन इतक्या महिन्यांत तसूभरही वाढू नये, ही गोष्ट लिहिताना आमच्या ध्यानी आली नाही. जेथे गप्प बसायचे तेथे आम्ही बोललो आणि जेथे बोलायचे तेथे गप्प बसलो. आज शाळाशाळांतून जे चालते, त्याचे सार याहून फारसे वेगळे नसावे.

याचे कारण असे, की नुसता आकडा काहीच सांगत नाही. दहा वर्षांच्या दोन मुलांचे वजन प्रत्येकी ३० किलो आहे असे समजा. एकाची उंची १३० सेंटिमीटर आहे, दुसऱ्याची १४५. किलोतील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागले असता पहिल्याचा निर्देशांक १७.८ येतो, दुसऱ्याचा १४.३. म्हणजे एक अंगाने भरलेला आणि दुसरा चांगलाच सडपातळ. पण प्रगतिपुस्तकात दोघांचे वजन सारखेच! त्यातही मुलांचा हा निर्देशांक वय आणि लिंग लक्षात घेऊन तक्त्यावर ताडून पाहावा लागतो. आपल्या मुलांसाठी असे तक्ते भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेने २०१५ साली प्रसिद्ध केले आहेत. ते किती शाळांच्या भिंतीवर लागले आहेत, हे ज्याने त्याने आपल्या मुलांच्या शाळेत जाऊन पाहावे.

नवल असे, की हे काम कसे करावे याचा धडा आपल्याच घरात आहे. एकात्मिक बालविकास योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झाली. तेव्हापासून अंगणवाडीताई बाळाचे वजन करून वाढीच्या तक्त्यावर ठिपका देत आल्या आहेत. ठिपका हिरव्या पट्ट्यात आहे की खाली घसरला, हे निरक्षर आईलाही दिसते. ताई तिला समोर बसवून काय करावे ते सांगतात. पण सहाव्या वर्षी मूल शाळेत आले की तो रंग नाहीसा होतो, ते समोर बसवून सांगणे नाहीसे होते आणि मागे उरतो तो कोरडा आकडा. अडाणी आईला जे कळत होते, ते शिकल्यासवरल्या बापाला कळेनासे होते!

हा प्रश्न केवळ लठ्ठ मुलांचा आहे, असा शहरी वाचकांचा समज असेल तर तोही दूर झाला पाहिजे. २०१६-१८ च्या राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणानुसार देशातील पाच ते नऊ वर्षांच्या मुलांपैकी सुमारे २३ टक्के आणि दहा ते एकोणीस वर्षांच्या मुलामुलींपैकी सुमारे २४ टक्के वयाच्या मानाने कृश होती. एकाच शाळेत, क्वचित एकाच बाकावर, वडापाव आणि शीतपेयांवर फुगलेले मूल आणि पोटभर न मिळाल्याने खंगलेले मूल शेजारी बसते. पाश्चात्त्यांच्या पत्रांचा रोख बहुतांशी पहिल्याकडे आहे. आपल्याला दोघांचीही चिंता वाहिली पाहिजे. म्हणून कॅलिफोर्नियातील निष्कर्षाने आपण सावध व्हावे. पण हात झटकून मोकळे होऊ नये. कोरे पत्र घरी धाडून भागत नाही, इतकेच तो निष्कर्ष सिद्ध करतो.

आमचे मत स्पष्ट आहे. शाळेने मुलाचे वजन पालकांना अवश्य कळवावे. पण कळवणे म्हणजे रकाना भरणे नव्हे. मोजमाप एकेका मुलाचे, आडोशाला व्हावे आणि आकडा उच्चारला जाऊ नये. पालकांना मागील वेळचे व या वेळचे वजन, उंची आणि तक्त्यावरील स्थान सोप्या मराठीत, बंद पाकिटातून मिळावे. ज्याच्याविषयी काळजी वाटते, त्याच्या पालकांना बोलावून शिक्षकाने समक्ष सांगावे. त्यात दोषारोपाचा सूर नसावा. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे पुढे कोणाकडे जायचे ते सांगावे. त्यासाठी नवे खाते उघडण्याची गरज नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली आपल्याच पालघरमधून सुरू झाला. त्याची वैद्यकीय पथके शासकीय व अनुदानित शाळांतील मुलांची वर्षातून एकदा तपासणी करतात. पथकाच्या नोंदी आणि शिक्षकाचे प्रगतिपुस्तक यांची गाठ पडली, तरी निम्मे काम होईल. शिवाय दप्तराचे ओझे मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांहून अधिक नसावे, असा राज्य शासनाचा २०१५ चा निर्णय आहे. मुलाचे वजन शाळेला नीट ठाऊक नसेल, तर तो निर्णय पाळायचा तरी कसा?

शिक्षकांवर आधीच कामांचा भार आहे, हे आम्ही जाणतो. निवडणुकीपासून सर्वेक्षणापर्यंत सारे त्यांच्याच माथी मारले जाते. पण वजन तर ते आजही करतातच. केलेल्या कामाला अर्थ द्यावा, एवढीच मागणी आहे. आणि ऊसतोडीला आईबापांबरोबर माळशिरसच्या फडावर आलेल्या मुलाचे काय? त्याची शाळा एका गावी आणि मुक्काम दुसऱ्या गावी. वजनाच्या दिवशी ते दोन्हीकडे गैरहजर. त्याच्या आईबापांनी तोडलेल्या उसाच्या प्रत्येक मोळीचे वजन होते, त्याची पावती निघते. त्या मुलाच्या वजनाची पावती मात्र कोणाच्याही हाती नाही.

उसाच्या वजनात थोडी खोट आली तर आम्ही रस्त्यावर उतरतो. घरच्या मुलाचे वजन सहा महिने एका जागी खिळून राहिले, तर निदान विचारपूस तरी करावी. या वेळी प्रगतिपुस्तक हाती येईल तेव्हा गुणांच्या आधी तो रकाना वाचा, मागच्या सत्राचा आकडा पाहा आणि मगच सही करा.