आवाज ओळखीचा हवा

आमच्या पुतण्याचं ठाम मत आहे, की क्रिकेटच्या समालोचकाला आता घरी पाठवावं. "काका, चेंडू दिसतो, फलंदाज दिसतो, धावा कोपऱ्यात लिहून येतात. मग हा गृहस्थ हवाय कशाला?"

मी म्हटलं, "अरे, लग्नात नवरा दिसतो, नवरी दिसते, अंतरपाटही दिसतो. मग भटजी कशाला लागतो?" पण पुतण्याने नोंदणी विवाह केलेला. माझा बिनतोड मुद्दा फुकट गेला!

तेव्हा दुसरा काढतो. अमेरिकेत लॉस एंजेलिसला डॉजर्स नावाचा बेसबॉलचा संघ आहे. बेसबॉलमधलं मला ओ की ठो कळत नाही, पण त्यांचे समालोचक व्हिन स्कली यांना मी इथूनच हात जोडतो. संघ ब्रुकलिनला होता तेव्हा, १९५० साली, ते माइकपुढे बसले आणि २०१६ साली उठले. ६७ हंगाम! मधे १९५८ साली संघाने गाव बदललं, खेळाडूंच्या पिढ्या गेल्या. आवाज तोच. तिथले लोक तिकीट काढून मैदानात बसत आणि वर ट्रान्झिस्टर कानाला लावून समोरचाच सामना स्कलींकडून ऐकत. तुम्ही म्हणाल, वेडे आहेत. मुळीच नाहीत. नुसत्या डोळ्यांवर विसंबणारा माणूस विरळा. घरातलं वडीलधारं कुणी "हो, आऊटच" म्हणालं, की मग पटतं.

आमच्या घरचं ते वडीलधारं माणूस म्हणजे बाळ ज. पंडित. स्वतः महाराष्ट्राकडून रणजी खेळलेले आणि आकाशवाणीवर क्रिकेटला मराठी बोलायला लावणाऱ्यांत अग्रणी. आमच्या आजीने उभ्या जन्मात मैदान पाहिलं नाही, पण मांजराचा पाय दुधाच्या पातेल्यात सापडला, की ती ओरडे, "पायचीत!" आणि पंचांना विचारायला न थांबता लाटणं फेकी.

आता टीव्हीवर सात-आठ माजी खेळाडू पाळीपाळीने येतात. अर्ध्या तासाने आवाज बदलतो. खेळाडू म्हणून ते थोरच. पण धर्मशाळेतही माणूस याहून जास्त टिकतो.

हे मला कुठे बोचलं ते सांगतो. शेवटची चार वर्षं वडिलांची नजर गेली होती. मॅच लावली, की टीव्हीतून कुणीतरी ओरडे, "अप्रतिम!" वडील विचारत, "काय अप्रतिम?" मी सांगायचो. मग विचारत, "आणि हा कोण बोलला?" तेही सांगायचो. पाच मिनिटांनी नवा आवाज, पुन्हा तोच प्रश्न. एकदा वैतागून म्हणाले, "आवाज बंद कर. पाहुणे फार झाले. तूच सांग."

तेव्हापासून मी सांगू लागलो. ऑफ आणि लेगची माझी कायम गल्लत. एका षटकात मी सात चेंडू टाकवले, बाद झालेल्याला दोनदा परत खेळवलं. वडिलांनी सगळं ऐकून घेतलं आणि डाव संपल्यावर म्हणाले, "पंडितांच्या पासंगाला पुरणार नाहीस. पण उद्याही तूच बस."

पुतण्याला हे सांगितलं. तो गप्प राहिला. मग रिमोट उचलून त्याने टीव्हीचा आवाज बंद केला आणि म्हणाला, "बोला काका."

गल्लत अजून होते. तो चुका काढतो. पण उठून जात नाही.