पाना घेताना हिशेब करा



आपल्या गोंदिया जिल्ह्यात गाडीदुरुस्तीवर पोट भरणारी अनेक पोरे आहेत. मीही मुलाला घरी काम करण्यासाठी स्वस्त पान्यांचा संच आणला. पहिल्याच जोराला पान्याचे तोंड फाकले, गिऱ्हाइकाच्या नटाचे कोपरे झिजले, पोराची बोटे सोलली. नट भरून द्यावा लागला. कारकून असून माझा हिशेब चुकला!

म्हणून सांगतो, पूर्ण संचाचा मोह नको. आधी 10, 12, 14 नंबरचे सुटे रिंगपाने क्रोम व्हॅनेडियम पोलादाचे घ्या. रिंगपाना नटाचे सर्व कोपरे धरतो, म्हणून सहसा घसरत नाही. पेचकस, पक्कडही चांगलीच हवी. डबा, ब्रश, धुण्याचे भांडे स्वस्त चालेल. हातोडीही साधी चालेल, दांडा मात्र घट्ट पाहा. छिन्नी मारताना चष्मा लावा. दर पगाराला एकच अवजार घ्या, पण टिकणारे घ्या.