गंज पन्नास वर्षे थांबत नाही

जुनी झालेली मोटारगाडी भंगार समजावी की वारसा, या प्रश्नाचे उत्तर आता सरकारी नियमाने दिले आहे. केंद्र सरकारने जुलै 2021 मध्ये मोटार वाहन नियमांत दुरुस्ती करून, पहिल्या नोंदणीपासून 50 वर्षे उलटलेल्या व मूळ स्वरूपात राखलेल्या खासगी गाडीस ‘व्हिंटेज’ हा दर्जा देऊ केला. अशा गाडीच्या क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे येतात. पुढच्याच महिन्यात, 13 ऑगस्ट रोजी, जुनी वाहने मोडीत काढण्याच्या धोरणाचा प्रारंभ झाला. दोन्ही निर्णय रस्ते वाहतूक खात्याचे. आणि त्या खात्याचे मंत्रिपद 2014 पासून नागपूरच्याच खासदारांकडे आहे. तेव्हा या विषयाची चर्चा नागपुरात व्हावी, हे उचितच होय. वारशाला दर्जा देण्याचा हेतू स्तुत्य आहे, यात शंका नाही. परंतु 50 वर्षांची ही रेषा आखताना गंज कसा चढतो, याचा विचार झालेला दिसत नाही.

नागपूरची हवा मुंबईसारखी खारट नाही, म्हणून येथे मोटारी टिकतात असा एक समज आहे. तो अर्धाच खरा आहे. येथील उन्हाळा पत्र्याचे काही बिघडवीत नसला तरी रबराचा घात करतो. समोरच्या काचेभोवतीची आणि दारांची रबरी पट्टी मे महिन्याच्या उन्हात कडक होऊन तडकते. जूनच्या मध्यास पाऊस सुरू झाला की त्याच फटींतून पाणी आत शिरते व पायाखालच्या चटईखाली, दाराखालच्या पोकळ पट्टीत, जादा चाकाच्या खळग्यात साचून राहते. वरून रंग झकास दिसतो. गंजाला मूळ लोखंडापेक्षा अधिक जागा लागते. म्हणून तो रंगाच्या थराखाली फुगत जातो आणि लहानसा फोड दिसू लागतो. त्या फोडावर स्क्रूड्रायव्हर टेकवला की तो सरळ आरपार जातो. धंतोली-रामदासपेठेतील जुन्या घरांच्या मोटारखान्यांत मातीच्या जमिनीवर वर्षानुवर्षे उभ्या राहिलेल्या गाड्यांची ही अवस्था होण्यास 50 वर्षे लागत नाहीत. पंधरा-वीस पावसाळे पुरेसे असतात.

अशी गाडी घरीच दुरुस्त करावयास घेणारी माणसे थोडी असतात आणि शेजाऱ्यांच्या दृष्टीने ती किंचित वेडीही असतात. कुजलेला पत्रा चांगले लोखंड लागेपर्यंत कापून काढावयाचा, त्याच जाडीचा नवा पत्रा ठोकून त्या वळणाचा करावयाचा, तो वेल्ड करावयाचा, उरलेल्या गंजावर फॉस्फरिक आम्लाचा हात फिरवून मग प्रायमर लावावयाचा, हे काम रविवार आणि सुट्ट्या मिळून वर्ष-दोन वर्षे चालते. गंजावर पुट्टी थापून वरून रंग मारणे हे चार दिवसांचे काम. पहिल्या पावसाळ्यानंतर दोहोंमधील फरक कळतो.

परदेशी स्पोर्ट्स कार हाती लागणे आयातबंदीच्या काळात सामान्य माणसाच्या स्वप्नाबाहेरचे होते. तरीही मद्रासच्या स्टँडर्ड कारखान्यात 1961 पासून तयार झालेली हेराल्ड तिच्या बरीच जवळ जाणारी. मिकेलॉत्ती या इटालियन कलावंताने जिला रूप दिले, तिचीच चासी आखूड करून इंग्लंडमध्ये ट्रायम्फ स्पिटफायर ही उघडी स्पोर्ट्स कार 1962 मध्ये निघाली. हेराल्डचा पुढचा सारा भाग मडगार्डांसकट पुढे कलतो, आणि अंग चासीवर बोल्टांनी बसविलेले असल्यामुळे चार माणसे ते सुटे करून बाजूला ठेवू शकतात. घरच्या गॅरेजसाठी याहून सोयीची गाडी नाही. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातील फियाटला मात्र वेगळी चासीच नाही; तिचा पत्रा हाच तिचा सांगाडा. तो सडला तर सांगाडाच सडला.

येथेच नियमाची पहिली अडचण उभी राहते. चासी, बाह्य सांगाडा किंवा इंजिन यांत मोठा फेरबदल झालेला नसावा, अशी व्हिंटेज दर्जाची अट आहे. तिच्यामागील हेतू रास्त आहे. जुन्या नावाखाली नवी गाडी खपविली जाऊ नये. परंतु सडलेल्या तळाच्या जागी त्याच मापाचा नवा पत्रा बसविणे हा फेरबदल की जीर्णोद्धार? देवळाचा ढासळलेला दगड बदलला म्हणून देऊळ नवे होत नाही. फियाटच्या बाबतीत हा निर्णय अधिकाऱ्याच्या मर्जीवर राहता कामा नये.

दुसरी अडचण अधिक मोठी आहे. 1974 च्या सुमारास फियाटचे नाव पद्मिनी झाले आणि या शतकाच्या आरंभापर्यंत ती निघत राहिली. म्हणजे तिच्या आरंभीच्या गाड्या आता कोठे पन्नाशीला टेकत आहेत. शेवटच्यांना 2050 च्या पुढेही वाट पाहावी लागेल. तोवर काय? 15 वर्षांनंतर दर पाच वर्षांनी फेरनोंदणी, पर्यावरण कर वेगळा. फेरनोंदणीचे शुल्क एप्रिल 2022 मध्ये 600 रुपयांवरून 5,000 झाले आणि ऑगस्ट 2025 पासून 20 वर्षांपुढील मोटारीस ते 10,000 रुपये आहे. दहा वर्षांचे 20,000 झाले. व्हिंटेज नोंदणीचे दहा वर्षांचे शुल्कही नेमके तेवढेच! राजेरजवाड्यांच्या मोटारींनी पन्नाशी केव्हाच ओलांडली, त्यांना सन्मान मिळाला. भविष्यनिर्वाह निधीतून रक्कम काढून, वर्षानुवर्षे नंबर लागण्याची वाट पाहून कारकुनाने किंवा प्राध्यापकाने घेतलेली पद्मिनी मात्र तेवढेच पैसे भरून केवळ जुनी गाडीच राहते. (स्कूटरसाठीही असाच नंबर लावलेल्या वाचकांना हे अधिक सांगावयास नको.) मुंबईच्या रस्त्यांवरून शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर 2023 मध्ये निवृत्त झाली, तेव्हा हळहळणाऱ्यांची संख्या मोठी होती. गाडी जपणाऱ्यांची संख्या तेवढी मोठी नाही, याला नियमही अंशतः कारण आहेत.

यावर प्रदूषणाचा आक्षेप घेतला जाईल, आणि तो खोटा नाही. कार्ब्युरेटरच्या गाडीचा धूर आजच्या गाडीहून दर किलोमीटरला निश्चित अधिक. म्हणूनच तिने रोज कचेरीत जावे, अशी मागणी कोणी करू नये. व्हिंटेज गाडीला आजही प्रदर्शन, रॅली, इंधन व देखभाल एवढ्यापुरतेच रस्त्यावर येता येते. तेच बंधन 30 वर्षांपुढील गाडीस घालावे आणि त्या बदल्यात शुल्क कमी करावे. जुन्या मोटारींची आंतरराष्ट्रीय संघटना ‘फिवा’ 30 वर्षे हीच मर्यादा मानते. जर्मनीत 1997 पासून 30 वर्षांच्या गाडीस वेगळा क्रमांक व करसवलत मिळते. ब्रेक आणि दिवे तपासण्यातून मात्र कोणालाही सूट नको. जाता जाता एवढे नोंदविले पाहिजे की पंपावर आता मिळणारे 20 टक्के इथेनॉलचे पेट्रोल हवेतील ओल शोषून घेते; महिनोन्महिने उभ्या राहणाऱ्या गाडीच्या टाकीला ते आतून गंजवते आणि जुने रबरी नळ खाते. धोरण आखणाऱ्यांनी याचाही विचार करावयास हवा.

नागपूरला जुने यंत्र जपण्याची सवय नाही, असे नाही. मोतीबागेतील नॅरोगेज रेल्वे संग्रहालय 2002 पासून उभे आहे, कारण त्या इंजिनांचा मालक रेल्वे होती. घरच्या मोटारखान्यातील गाडीचा मालक एकटा असतो, आणि त्याच्या मदतीला येणारा डेंटर बहुधा साठीच्या पुढचा असतो. नव्या गाडीचे चेपलेले मडगार्ड काढून दुसरे बसवितात. हातोडी आणि ठोकळ्यावर पत्रा वळविण्याची विद्या त्या कामात लागत नाही, म्हणून कोणी शिकत नाही. शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत या विद्येचा एखादा छोटा अभ्यासक्रम सुरू करण्यास मोठा निधी लागणार नाही. शिकविणारे उस्ताद आज नागपुरात मिळतील; दहा वर्षांनी मिळतीलच याची खात्री नाही.