हॉटेलचं यंत्र घरी आणावं का?

न्यू जर्सीतल्या भाच्याचा परवा फोन आला होता. घरचं कॉफीचं यंत्र पुन्हा बिघडलं म्हणे. सहा वर्षांतलं हे तिसरं. "मावशी, आता हॉटेलात असतं ना, तसलं दणकट मशीन घेऊन टाकतो. जन्माची कटकट मिटेल." फोनवर सगळं बोलणं होत नाही, म्हणून इथेच सविस्तर लिहिते. आपल्या गोतावळ्यात त्याच्यासारखे आणखी चारजण आहेत, त्यांच्याही कामी येईल.

आता तुम्ही म्हणाल, जायफळ घातलेली दुधाची कॉफी पिणाऱ्या या बाईंना ड्रिप कॉफीतलं काय कळतं? पण मुलाकडे चारदा सहा-सहा महिने राहिले, तेव्हा सगळे उठायच्या आत ते यंत्र मीच लावत असे. आणि जन्म शाळेत गेल्यामुळे एखादी वस्तू कशी चालते ते समजल्याशिवाय मला चैन पडत नाही.

कागदातून कॉफी गाळायची युक्ती ड्रेस्डेनच्या मेलिटा बेंट्झ या गृहिणीची, 1908 सालची. तिनं म्हणे मुलाच्या वहीतला टीपकागद वापरला. हे वाचल्यापासून मला ती बाई अगदी आपल्यातली वाटते! विजेवर चालणारं ड्रिप यंत्र जर्मनीतच 1954 च्या सुमारास निघालं, त्याचं नाव 'विगोमॅट'. अमेरिकेत ते घरोघरी पोचलं 1972 नंतर, 'मिस्टर कॉफी'मुळे. जो डिमॅजिओ हा नामांकित बेसबॉलपटू त्याची जाहिरात करायचा.

घरगुती यंत्राच्या आत पंप वगैरे काही नसतो. टाकीतलं पाणी एका झडपेतून नळीत उतरतं. नळीला लागून विजेची तापणारी कांडी असते. पाणी उकळू लागलं की वाफेचे बुडबुडे ते वर ढकलतात आणि ते कॉफीच्या भुकटीवर पडतं. झडप एकाच दिशेनं उघडते, म्हणून पाणी मागे जात नाही. बहुतेक स्वस्त यंत्रांत तीच कांडी काचेच्या भांड्याखालची तबकडीही गरम ठेवते. झालं, एवढंच.

मग इतकं साधं यंत्र दोन वर्षांत का मरतं? मुख्य कारण पाण्यातला क्षार. बंबात साठायचा तसाच तो नळीत साठतो, पाणी अडखळतं, कांडी नको इतकी तापते. मग आतला एक चिमुकला फ्यूज उडतो. फ्यूज मिळतो अगदी स्वस्तात, पण तळाचं झाकण असं बसवलेलं असतं की ते घरच्या स्क्रू-ड्रायव्हरनं उघडतच नाही. म्हणून सगळं यंत्रच कचऱ्यात.

हॉटेलच्या यंत्राचा पत्रा जाड असतो हे खरं, पण ते टिकतं ते पत्र्यामुळे नव्हे. त्याचा एकेक भाग सुटा विकत मिळतो, बिघडलं तर मेकॅनिक येऊन ते उघडतो, आणि त्यातला क्षार ठरल्या दिवशी काढला जातो. माझं म्हणणं असं की हे तीन गुण घरी आणावेत, यंत्र हॉटेलातच राहू द्यावं.

कारण ते घरात नांदत नाही. त्यातल्या बऱ्याच यंत्रांत पाण्याची टाकी दिवसभर तापलेली असते. इलिनॉयमधल्या स्प्रिंगफील्डची 'बन' ही या धंद्यातली जुनी कंपनी. तिची घरगुती यंत्रंसुद्धा याच पद्धतीची आहेत, म्हणून तीन-चार मिनिटांत भांडं भरतं. जिथे भांड्यामागून भांडं रिकामं होतं तिथे हे उत्तमच. पण सकाळी एकदा कॉफी करून दोघंही कामाला जाणाऱ्यांच्या घरी ते पाणी दिवसभर कुणासाठी तापायचं? शिवाय मोठ्या यंत्रांना 240 व्होल्टची वेगळी जोडणी लागते, काहींना नळाची जोडणीही. ओट्यावरच्या कपाटाखाली ती मावत नाहीत. मोठ्या चाळणीत दोन कपांपुरती कॉफी केली तर ती पांचट होते. आणि वॉरंटीचा कागद नीट वाचा, काही व्यापारी यंत्रांना घरगुती वापरासाठी ती लागूच नसते.

मग घ्यावं काय? नेदरलँड्समधल्या आमेरोंगेन या गावी 'मोकामास्टर' नावाचं घरगुती यंत्र बनतं. तांब्याची कांडी, मोजकी बटणं, पाच वर्षांची वॉरंटी, आणि सगळे भाग सुटे मिळतात. जाहिरात करत नाही हं, नमुना म्हणून सांगते. हेच गुण दुसऱ्या कुणात दिसले तर तेही चालेल. विकत घेण्याआधी बघायचं ते एवढंच: काचेचं भांडं, झाकण, चाळणी वेगळी मिळते का? तळाचे स्क्रू साधे आहेत का? पाणी 92 ते 96 अंश सेल्सिअसपर्यंत तापतं का? त्याहून थंड पाण्यात कॉफी नीट उतरत नाही. घड्याळ आणि पडदा जितका कमी तितकं बरं. तबकडीवर कॉफी तासभर ठेवली की कडवट होते, तेव्हा थर्मासचं भांडं असलेलं घ्या. आणि खोक्यावरच्या '12 कप' या शब्दाला भुलू नका. तो कप साधारण पाच औंसांचा, म्हणजे सगळं मिळून पावणेदोन लिटर.

माझी सून म्हणाली, "आई, त्या तीनशे डॉलरच्या वर किमतीत तीस डॉलरची दहा मशिनं येतील." हिशेब चोख आहे. पगार मोजून खर्च करणाऱ्यांना मी नावं ठेवणार नाही. पण त्या हिशेबात एक आकडा धरलेला नाही. मागचं यंत्र कचऱ्यात टाकलं तेव्हा माझा नातू तिथे उभा होता. "आजी, हे कुणीच दुरुस्त नाही का करू शकत?" असं त्यानं विचारलं. आमच्या घरी पितळी स्टोव्ह होता. पंपाचं चामडी वॉशर तेलात भिजवून बसवायचं, पिन मारायची, बर्नर बदलायचा, हे सगळं मुलांच्या डोळ्यांदेखत व्हायचं. वस्तू बिघडली म्हणजे ती उघडून बघायची असते, हे त्यांना वेगळं शिकवावं लागलं नाही. नातवाला दर दोन वर्षांनी उलटा धडा मिळतोय, आणि तो मिळतोय घरातूनच. शाळेत बाईंनी पर्यावरणावर कितीही निबंध लिहून घेतले तरी त्याचा काय उपयोग?

जाता जाता इकडे येणाऱ्यांसाठी एक सूचना. तिकडचं यंत्र प्रेमानं भारतात आणू नका. ते 120 व्होल्टचं, आपली वीज 230 ची. त्याच्यासाठी लागणारा ट्रान्सफॉर्मर यंत्रापेक्षा जड भरेल. इथे स्टीलचा दोन मजली मद्रासी फिल्टर मिळतो. त्याला वीज लागत नाही आणि त्यात बिघडण्यासारखं काही नसतं.

आणि भाच्या, यंत्र कुठलंही घे, पण क्षार काढायचा दिवस कॅलेंडरवर लिहून ठेव. पाण्यात लिंबूसत्त्व घालून एकदा यंत्र चालवायचं, मग दोनदा नुसत्या पाण्यानं. मुलीला जवळ बोलव आणि तिच्याच हातून करून घे.