शेगडी तीच, इंधन वेगळे

मुंबईतील नोकरी संपवून गावी परतणाऱ्या कोकणी कुटुंबाच्या सामानात आता काचेची, चार बर्नरची शेगडीही असते. तेरेखोल नदीकाठच्या आमच्या आरोंद्यात जुन्या चिरेबंदी घरांत ग्रॅनाइटचे ओटे होत आहेत आणि त्यांवर शहरातून आलेल्या शेगड्या विराजमान होत आहेत. शेगडी सुस्थितीत आहे, नळी जोडली की स्वयंपाक सुरू, असा समज सर्वत्र आढळतो. तो धोक्याचा आहे.

मुंबईत महानगर गॅसच्या वाहिनीतून येणारा वायू मुख्यतः मिथेन असतो. गावातील सिलिंडरमध्ये प्रोपेन व ब्युटेन यांचे मिश्रण असते. समान आकारमानाचा विचार केला, तर सिलिंडरच्या वायूत सुमारे अडीचपट उष्णता असते. त्याचा दाबही अधिक असतो: वाहिनीचा वायू शेगडीपाशी सुमारे २१ मिलिबार दाबाने येतो, तर सिलिंडरचा रेग्युलेटर सुमारे ३० मिलिबार दाबाने वायू सोडतो. म्हणूनच वाहिनीच्या शेगडीतील जेटचे, म्हणजे वायू बर्नरमध्ये सोडणाऱ्या पितळी तोटीचे, छिद्र मोठे असते. त्याच छिद्रातून सिलिंडरचा वायू सोडल्यास तो गरजेहून कितीतरी अधिक येतो आणि त्याला जळण्यास पुरेशी हवा मिळत नाही.

माझ्या एका आप्तांकडे गेल्या पावसाळ्यात हेच घडले. ज्योत लांब व पिवळी येई, भांड्यांचे बूड काळे पडे. बर्नर घासून झाले, सिलिंडरही बदलून झाला. वहिनींचे डोके मात्र रोज स्वयंपाकघरातच दुखू लागे. पावसामुळे खिडक्या बंद असत. अपुऱ्या ज्वलनातून कार्बन मोनॉक्साइड निर्माण होतो. त्याला रंग नाही, वास नाही, त्यामुळे त्याचा संशयही येत नाही. अखेरीस वितरकाकडील मेकॅनिकने चारही जेट बदलले, हवेची झडप जुळविली आणि ज्योत निळी, स्थिर झाली. वहिनींची डोकेदुखीही थांबली. काम तासाभराचे होते, पण त्यासाठी दीड महिना गेला.

दुसरा भेद वजनाचा आहे. मिथेन हवेपेक्षा हलका असल्याने गळती झाल्यास वर जातो. सिलिंडरचा वायू हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत साचतो. मुंबईत उंचावरचा झरोका उपयोगी पडतो, येथे जमिनीलगत हवा खेळती हवी. नव्या ओट्याखाली देखणी कपाटे करून त्यांत सिलिंडर बंद करून ठेवण्याची हौस म्हणूनच आवरावी. तसे करणे अपरिहार्यच असेल, तर कपाटाच्या दारांना खाली व वर मोकळी जाळी असावी.

नळीविषयीही काही नियम ध्यानी ठेवावेत. प्रमाणित केशरी सुरक्षा नळीच वापरावी, तिची लांबी दीड मीटरपेक्षा अधिक नसावी आणि दर पाच वर्षांनी ती बदलावी. ती भिंतीतून नेऊ नये, खणांच्या मागे दडवू नये. दोन तुकडे जोडून लांबी वाढविणे तर सर्वथा वर्ज्य समजावे. सिलिंडर नेहमी उभा, शेगडीपेक्षा खालच्या पातळीवर असावा. तो पडवीत ठेवायचा झाल्यास भिंतीपलीकडे धातूची पक्की वाहिनी अधिकृत मेकॅनिककडूनच घालून घ्यावी. जुन्या घरांत उंदीर नळी कुरतडतात, त्यामुळे ती सदैव नजरेसमोर असलेली बरी.

जोडणी झाल्यावर प्रत्येक सांध्यावर साबणाचे पाणी लावावे. बुडबुडे आले तर गळती आहे. ही परीक्षा काडी पेटवून कदापि करू नये. गॅसचा वास आल्यास विजेचे बटण चालू वा बंद न करता रेग्युलेटर बंद करावा, दारे-खिडक्या उघडाव्यात आणि घराबाहेर पडून १९०६ या क्रमांकावर कळवावे.

बँकेतील दीर्घ सेवेत एक शिस्त अंगवळणी पडली: कर्जदार जुना व विश्वासू असला, तरी नव्या व्यवहाराचे कागद नव्याने तपासायचे. शेगडीलाही हीच शिस्त लावावी. ती मुंबईत दहा वर्षे निर्दोष चालली, हे आरोंद्यातील सिलिंडरला ठाऊक नसते. म्हणून शेगडी टेम्पोत चढविण्यापूर्वीच तिच्या मागील पट्टीवर कोणत्या वायूचे नाव लिहिले आहे, ते वाचून घ्यावे.