समुद्रावरचे ताट

नागपूरहून समुद्र गाठावयाचा तर विदर्भ एक्सप्रेसची एक रात्र लागते. तरीही इतवारीतल्या पेढीवरचा मुलगा जेव्हा क्रूझ जहाजावर नोकरीची गोष्ट काढतो, तेव्हा आई पगार विचारत नाही. ती विचारते, जेवणाचे काय?

प्रश्न रास्तच आहे. मुंबईहून सुटणाऱ्या क्रूझवर प्रवाशांना जैन भोजन मिळते. कर्मचारी मात्र वेगळ्या मेसमध्ये जेवतात, आणि तेथे कंदमुळाविना भाजी रोज असेलच असे नाही. 2006 च्या आंतरराष्ट्रीय सागरी श्रम कराराने खलाशांचे जेवण विनामूल्य ठरविले आहे व त्यांच्या धर्माचा, चालीरीतींचा विचार व्हावा असेही म्हटले आहे. तेव्हा नेमणुकीवर सही करण्यापूर्वीच हे लेखी विचारून घ्यावे. जहाज सुटल्यावर विचारण्यात अर्थ नाही.

चौविहाराची अडचण याहून कठीण. सूर्यास्ताच्या सुमारासच भोजनगृहात सर्वाधिक धावपळ असते, आणि वाढपी असलेल्या श्रावकाला तेव्हाच उभे राहावे लागते. करारानुसार 24 तासांत किमान 10 तास विश्रांती मिळते खरी, पण ती दोन तुकड्यांत देता येते. त्यांपैकी एक सलग 6 तासांची असली म्हणजे झाले. पहिला महिना तर झोप आणि भूक यांची वेळ जमवण्यातच जातो. पेटीत थोडे खाकरे असलेले बरे.

संवत्सरीला जहाज कोणत्या बंदरात असेल, हे वेळापत्रकात आधीच पाहून ठेवावे. घरी ‘मिच्छामि दुक्कडम्’ म्हणायला किनाऱ्यावरून फोन लागतो.